सात पायांचा ऑक्टोपस

तपासणीचा फोन आला की इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडमधल्या पाळणाघरवाल्या बायका आधी एकमेकींना कळवत आणि मग नवऱ्याला. घरी पोरं सांभाळणाऱ्या अशा पाच जणी गावात होत्या आणि पाचहीजणींत मिळून एक निळी पेटी होती. झाकणाची, प्लास्टिकची, आत एखादं मूल लपून बसेल एवढी. तिला त्या 'पाहुणीची पेटी' म्हणत. पाहुणी म्हणजे पाळणाघरं तपासून शेरा देणाऱ्या सरकारी खात्याची तपासनीस. जिच्याकडे पाहुणी येणार तिच्या दारात आदल्या संध्याकाळी पेटी पोचायची आणि पुढचा फोन जिला येईल तिच्याकडे जाईपर्यंत तिथेच जिन्याखाली पडून राहायची.

पेटीत निरनिराळ्या वर्णांच्या बाहुल्या होत्या, लाकडी फळं होती, भिंगं होती, बोटांनी चाचपून वाचायचं उठावाच्या ठिपक्यांचं एक पुस्तक होतं. दिवाळीच्या पणत्या आणि चिनी नववर्षाचा कागदी ड्रॅगन एकाच पिशवीत होते. मुलांचं कुतूहल जागं करणारं, मुलांना जगाची ओळख करून देणारं, असं जे जे खात्याच्या पत्रकांत लिहून यायचं ते ते या बायकांनी एकेक करून जमवलं होतं. पाळणाघरात ते रोज असतं असं पाहुणीला वाटावं एवढाच त्याचा उपयोग. आणि दर वेळी पाहुणी वेगळी यायची, म्हणून ते चालून जायचं.

हेझल रिमरला ही पेटी मनापासून आवडत नसे. ट्रामच्या रुळांमागच्या गल्लीत तिचं घर होतं आणि ओहोटी लागली की ती आपल्या पोरांना घेऊन सरळ किनाऱ्यावर जायची. तिच्याकडची पोरं शिंपल्यांची नावं सांगायची, खेकडा कुठे धरला म्हणजे चावत नाही ते दाखवायची. तिचा स्वतःचा एक हट्ट होता. पोरांना खोटं सांगायचं नाही. इतर बायका मुलाची चोखणी काढून घेताना ती सीगल पक्ष्याने पळवली म्हणून सांगत. हेझल म्हणायची, "मी काढून घेतली. तू आता मोठा झालायस. रडायचं तर रड, मी बसते जवळ." तिच्याकडचा मासा मेला तेव्हा रातोरात तसाच दुसरा आणून ठेवण्याऐवजी तिने पोरांना घेऊन तो मागच्या अंगणात पुरला होता. एका बापाने त्यावर तक्रारही केली होती.

तरी पेटीत तिचाही वाटा होता. गेल्या हिवाळ्यात लिनेट म्हणाली होती, "पेटीत काहीतरी हातचं हवं गं. विणलेलं, शिवलेलं. त्यावर पाहुण्या भाळतात. आणि आपल्या पाचजणींत सुया फक्त तुलाच धरता येतात."

लिनेट म्हणजे हेझलची सगळ्यांत जुनी मैत्रीण. दोन गल्ल्या सोडून तिचं पाळणाघर होतं. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. हेझलने मग दुपारी लहानगी निजली की बसून नारिंगी लोकरीचा एक ऑक्टोपस विणला. तेव्हा तिच्याकडे मार्नी होती, चार वर्षांची होत आलेली. मार्नी दुपारची झोपत नसे, त्यामुळे लोकरीचा गुंडा धरायचं काम तिच्याकडे. भरायला कापूस नव्हता म्हणून हेझलने नवऱ्याचे, ग्रॅहमचे, विटके मोजे कापून दिले आणि मार्नीने ते बोटाने कोंबकोंबून एकेक पाय भरला.

सातव्या पायाला लोकर संपली. बाजारातल्या लोकरवालीकडे त्या रंगाची पुन्हा आली नाही.

"मग याचा आठवा पाय कुठे गेला?" मार्नीने विचारलं.

"कुठे नाही गेला. लोकर संपली म्हणून मी केलाच नाही."

"खऱ्या ऑक्टोपसची लोकर संपते?"

"खऱ्याचा पाय तुटला तर परत उगवतो. हा खोटा आहे, याचा उगवायचा नाही."

मार्नीने ते ऐकून घेतलं, पण पुढचे कित्येक दिवस ती सकाळी आली की आधी ऑक्टोपस उलटा करून बघायची. मग तो पेटीत गेला आणि पेटी लिनेटकडे.

हेझलला फोन आला तो मार्चमध्ये. त्या संध्याकाळी लिनेटने गाडीतून पेटी काढून तिच्या ओट्यावर ठेवली.

"ही घे बाई. ड्रॅगनची शेपटी फाटलीय, बेव्हच्या पाळणाघरातल्या एका कार्ट्याने ओढली. शेपटी भिंतीकडे करून लाव, दिसायची नाही."

"लिनेट, मला नकोच आहे गं ही. माझी पोरं यातलं काही ओळखतसुद्धा नाहीत."

"पोरांना काय ओळखदेख लागते? खेळणं दिसलं की खेळतात. तुझ्या त्या वासमाऱ्या शिंपल्यांवर पाहुणी तुला 'चांगले' असा शेरा देणार आहे का? डोरीनचं काय झालं ते विसरलीस?"

डोरीनचं कुणीच विसरलं नव्हतं. वीस वर्षं पोरं सांभाळलेल्या बाईला 'सुधारणा हवी' असा शेरा मिळाला आणि उन्हाळा संपायच्या आत तिचं घर रिकामं झालं. आईबाप काही वाईट बोलले नाहीत. एकेक करून नुसते गेले. डोरीन आता सुपरमार्केटात मासे तोलते आणि ओळखीची माणसं दुसऱ्या काउंटरवर जातात. हेझलकडे सांभाळायला तीन पोरं होती. शेरा बिघडला तर तीही तशीच जाणार हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि एक लक्षात ठेव," लिनेट गाडीत बसता बसता म्हणाली. "पेटी सगळ्यांची आहे हे मरेपर्यंत बोलायचं नाही. तुझ्या पाहुणीपुढे ती तुझी, माझ्या पाहुणीपुढे माझी. एकीचं बिंग फुटलं तर पाचहीजणींची शोभा. माझा तर अहवाल अजून यायचाय."

"तुझं छान झालं म्हणालीस ना?"

"छान? अगं, जाताना तिने माझा हात हातात घेतला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जी बाई आली ती हेझलने मनात रंगवली होती तशी अजिबात नव्हती. सर्दीने नाक लाल झालेलं, अंगात साधा स्वेटर. दारातच तिने बूट काढले. "मला फिलिपा म्हणा," ती म्हणाली. "आणि कृपा करून माझ्यासाठी काही वेगळं करू नका. मी या कोपऱ्यात बसते. एरवी आम्ही पाळीने येतो, पण सध्या माणसं कमी आहेत म्हणून गेल्या महिन्यापासून मलाच इथल्या चकरा पडतायत."

गेल्या महिन्यापासून. हेझलच्या हातात तेव्हा रूबेन होता, नऊ महिन्यांचा, आणि त्याच्या नाकातून शेंबूड येत होता. लिनेटची तपासणी गेल्या महिन्यातच झाली होती. हेझलने रूबेनचं नाक पुसलं आणि गालिच्यावर मांडलेल्या पसाऱ्याकडे पाहिलं. बाहुल्या, फळं, भिंगं. बाहुल्या काय, सगळीकडे सारख्याच असतात. फळंही. ऑक्टोपस तिने काढलाच नव्हता. म्हणजे काढला होता, पण मग स्वतःच्याच हातचं मिरवायची लाज वाटून परत पेटीत टाकला होता आणि पेटी सोफ्यामागे सरकवली होती.

सकाळ चांगली गेली. दोन वर्षांच्या आयलाने लाकडी केळं चावून पाहिलं आणि थुंकलं. हेझलने सफरचंद चिरलं, लंगोट बदलला, पुस्तक वाचलं. फिलिपाने विचारलं, एखाद्या मुलाच्या अंगावर वळ दिसला तर काय कराल. हेझलने सांगितलं, आणि नुसतं पाठ केलेलं नाही सांगितलं. एकदा खरंच दिसला होता तेव्हा काय केलं तेही सांगितलं. फिलिपा टाइप करायची थांबून ऐकत राहिली. हेझलला वाटलं, झालं. सुटले. आता जेवणापर्यंत ढकललं की संपलं.

तेवढ्यात सोफ्यामागून मार्नीची किंचाळी आली.

"आला! परत आला!"

ती पेटीत कमरेपर्यंत वाकली होती. बाहेर आली ती ऑक्टोपसला छातीशी धरून. तिने तो तिथल्या तिथे उलटा केला, पाय चाचपले आणि निराश होऊन म्हणाली, "अजून नाही उगवला."

फिलिपाच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बघू गं. किती पाय आहेत त्याला?"

"सात."

"सातच?" ती खाली गालिच्यावर बसली. ऑक्टोपस हातात घेऊन तिने पाय मोजले, मग सातवा पाय जिथे संपत होता तिथली गाठ पाहिली. हसू हळूहळू मावळलं. "गंमत आहे. मी हा पाहिलाय. गेल्या महिन्यात, इथल्याच एका घरी. तिथल्या बाई म्हणाल्या की त्यांच्या आईने विणला. शेवटच्या आजारात. आठवा पाय करायच्या आधीच आई गेली. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मला तर... मी तो अहवालात घेतलाय." तिने मान वर केली. "हा तुमच्याकडे कसा?"

लिनेटची आई क्लीव्हलीजला राहत होती. दर बुधवारी बिंगो खेळायची आणि जन्मात तिने कधी सुई हातात धरली नव्हती.

हेझलला आधी हसूच आलं. मग घशापर्यंत आलेलं ते हसू तसंच गार पडलं. ऑक्टोपस मी विणलाय, असं म्हणायला एक क्षणही लागला नसता. ते खरं होतं. पण ते म्हटलं की लिनेट खोटारडी ठरत होती. मेलेल्या आईच्या नावाने खात्याच्या बाईला रडवणारी. आणि तिचा अहवाल अजून यायचा होता.

"चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मिळाला," हेझल म्हणाली.

"हाच?"

"असे पुष्कळ असतात तिथे. कुणीतरी विणत असेल."

"सात पायांचे?"

"असेल तशी पद्धत."

स्वतःच्या कानांनाही ते ऐकवेना. फिलिपाने ऑक्टोपसचे पाय पुन्हा मोजले. बोलली ती मार्नी.

"नाही," मार्नी म्हणाली. तिला वाटलं हेझल विसरली. "तू केलास. टीव्हीसमोर. मी गुंडा धरला होता."

"तो वेगळा होता, राणी."

"हाच होता. मी मोजे भरले. ग्रॅहमचे."

"अगं, तो दुसरा. तुझा गोंधळ होतोय."

"नाही होत." मार्नीने ऑक्टोपस फिलिपाच्या हातातून काढून घेतला आणि तिसऱ्या पायाच्या शिवणीत बोट घातलं. तिथून खरोखरच हिरव्या मोज्याचा एक धागा बाहेर डोकावत होता. "हा बघ. हा हिरवा. याला भोक पडलं म्हणून ग्रॅहम म्हणाला होता..."

"मार्नी, पुरे!" हेझलचा आवाज चढला. तो आवाज त्या घरात पोरांनी कधी ऐकला नव्हता. आयलाने वळून बघितलं. हेझलने तो लगेच खाली आणला, पण जे म्हणायचं ते म्हणालीच. "तू चुकतेयस. तसं काही झालं नव्हतं."

मार्नी रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोराला जवळ घेता येतं. ती नुसती हेझलकडे बघत राहिली, मग हातातल्या धाग्याकडे, मग पुन्हा हेझलकडे. एखादं गणित चुकलं की मोठी माणसं जशी कागदाकडे बघतात तशी. नंतर तिने ऑक्टोपस गालिच्यावर ठेवला, जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तिथून हलली नाही.

लॅपटॉपवरच्या फिलिपाच्या बोटांचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

दुपारी, लहानगी निजल्यावर, ती हेझलसमोर टेबलाशी बसली. हेझलने तिला चहा दिला होता. त्याला तिने हात लावला नव्हता.

"मी सरळच बोलते," फिलिपा म्हणाली. "तुम्हाला मुलं कळतात. आज सकाळपासून मी जे पाहिलं त्यातलं बरंचसं चांगल्याहून चांगलं होतं. त्या वळाच्या प्रश्नाला असं उत्तर मला वर्षभरात कुणी दिलेलं नाही." तिने नाक पुसलं. "खेळणी उसनी आणलीत का, हा माझा प्रश्नच नव्हता. पाळणाघरं एकमेकींना वस्तू देतात ही चांगली गोष्ट आहे. सांगितलं असतंत तर मी तसं कौतुकाने लिहिलं असतं."

हेझल तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं पाच बायका ती पेटी अंधारात, गाडीच्या डिकीतून, शेजाऱ्यांची नजर चुकवून इकडून तिकडे नेत होत्या. चोरीचा माल असल्यासारखी.

"पण चार वर्षांच्या मुलीला जे पक्कं आठवत होतं," फिलिपा पुढे म्हणाली, "ते तुम्ही माझ्यासमोर खोडून काढलंत. तीनदा. तिने पुरावा दाखवल्यावरसुद्धा. ते मी सोडून देऊ शकत नाही. मुलं आम्हाला घरातल्या गोष्टी सांगतात, हेझल. वाईट गोष्टी सांगतात. त्यांचं म्हणणं ऐकणारं माणूस हवं असतं. तुम्हाला हे मी सांगायला नको."

"नको," हेझल म्हणाली.

"तुम्हाला मला काही सांगायचंय का? अजून वेळ आहे. मी गाडीत बसेपर्यंत वेळ आहे."

वरच्या खोलीत रूबेन झोपेत घोरत होता. उघड्या दारातून दिसणाऱ्या पलीकडच्या खोलीत मार्नी पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. रंगवत नव्हती, खडू हातात धरून बसली होती. हेझलने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. मी विणला. मग पुढचं वाक्य आपोआपच येत होतं. मग त्या बाईंनी आई गेल्याचं का सांगितलं? मग लिनेटचं दार, त्या दारासमोर हीच गाडी, हाच लाल नाकाचा चेहरा. लिनेटचा नवरा पाठीच्या दुखण्याने वर्षभर घरी होता.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

फिलिपाने लॅपटॉप मिटला. 'सुधारणा हवी,' हे ती तोंडाने म्हणाली तेव्हा तिचा आवाज इतका मऊ होता की हेझलला तिचा राग येण्याची सोयच राहिली नाही.

संध्याकाळी लिनेटला फोन केला तेव्हा ती पहिल्यांदा ओरडलीच. "तीच बाई? अरे देवा. अरे देवा! काय सांगितलंस तू?"

"चर्चची विक्री."

"हेझल, तुला मी मिठीच मारते थांब. बाई, तू सोनं आहेस. मी इथे मेलेच असते."

"तू तुझ्या आईला मारलंस, लिनेट."

"अगं, ती बाई त्या ऑक्टोपसकडे बघून अशी विरघळली, तोंडातून निघूनच गेलं. पोरांना मी सांगितलं होतं की आठवा पाय समुद्रातल्या मांजरीने खाल्ला. ते मोठ्या बाईला सांगता येतं का?" मग जरा थांबून, "तुला काय दिलं?"

हेझलने सांगितलं.

"अगं आई गं," लिनेट म्हणाली. पण तिच्या श्वासात सुटका ऐकू येत होती, आणि ती सुटका हेझलला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिली.

अहवाल आले. आधी लिनेटचा. 'चांगले.' त्यात एक ओळ होती की आजीच्या हातच्या विणकामातून इथली मुलं मागच्या पिढ्यांशी नातं जोडतात. मग हेझलचा. त्यात तिचं बरंच कौतुक होतं, आणि एक ओळ: 'काही वेळा मुलांचं म्हणणं विचारात न घेता खोडून काढलं जातं.' हेझलने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. चूक शोधायचा प्रयत्न केला. चूक नव्हती.

रूबेनच्या आईने त्याला सांभाळायला एक नातेवाईक सापडल्याचं सांगितलं. आयलाच्या बापाने कारण न सांगता महिनाअखेरपासून ती येणार नाही एवढंच कळवलं. मार्नीची आई कर्स्टी मात्र स्वतः आली. ती वृद्धाश्रमात नर्स होती, गणवेशातच आली आणि बसली नाही.

"शेऱ्याचं मला काही नाही, हेझल. खरं सांगते. आमच्या आश्रमालाही त्यांनी एकदा तसलाच शेरा दिलाय, मला माहितीय ते कसं असतं. पण तपासणीच्या आठवड्यात मार्नी रात्री मला म्हणाली, 'मम्मी, मला आठवतं ते खरं असतं का?' मला कळेचना ही असं का विचारतेय. मला वाटलं पोरापोरांतलं काही भांडण. मग मी तो अहवाल वाचला."

हेझलने टेबलाची कड धरली.

"काय झालं होतं त्या दिवशी?" कर्स्टीने विचारलं. "तू तर तशी नाहीस. तू मासासुद्धा लपवला नव्हतास."

"कारण होतं."

"काय कारण?"

हेझलच्या तोंडात लिनेटचं नाव आलं आणि तिथेच राहिलं. आता सांगितलं तर काय वाटलं असतं? पडलेली बाई उभ्या असलेल्या बाईचा पाय ओढतेय असंच. "ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

कर्स्टीने मान हलवली. वाईट वाटल्यासारखी. "मग मला ती इथे ठेवता येत नाही."

दोन दिवसांनी लिनेट आली. दारातच उभी राहिली, आणि ती दारात उभी राहिली यावरूनच हेझलला कळलं.

"कर्स्टीने मला विचारलंय," लिनेट म्हणाली. "मार्नीसाठी. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी तुला विचारावं म्हटलं."

"विचारावं म्हणजे?"

"म्हणजे तू नको म्हणालीस तर नाही घेणार."

"आणि मग कर्स्टी तिला कुठे टाकेल?"

"ब्लॅकपूलला. ट्रामने नेईल रोज. मग तर ती पोर अंधारात उठणार नि अंधारात घरी येणार." लिनेटने आत पाऊल टाकलं. "हेझल, असं बघू नकोस ना. मी काय मुद्दाम केलंय का?"

"तू त्या बाईला फोन कर. खरं सांग. नुसतं ऑक्टोपसचं."

"काय सांगू? माझी आई मेलेली नाही म्हणून?" लिनेट हसायला गेली, पण हसू जमलं नाही. "माझा शेरा गेला तर तुझा परत येणार आहे का? दोघीही मासे तोलत बसू डोरीनशेजारी, एकमेकींना सोबत म्हणून?"

"मार्नीला कळेल तरी. की ती चुकली नव्हती."

"चार वर्षांची आहे ती. पुढच्या महिन्यात विसरेल."

हेझल एवढंच म्हणाली, "घे तिला. तिला झोपवायला जाऊ नकोस दुपारची, झोपत नाही ती. आणि सीगल-बिगल सांगू नकोस. विचारेल ते सांग."

"सांगेन," लिनेट म्हणाली, आणि जाताना तिने हेझलचा हात हातात घेतला.

मार्नीचा शेवटचा दिवस शुक्रवारचा होता. तोवर घरात ती एकटीच उरली होती. ओहोटी होती म्हणून हेझल तिला घेऊन किनाऱ्यावर गेली. वारा बोचरा होता आणि खाडीपलीकडची घरं इतकी स्पष्ट दिसत होती की पाऊस येणार हे कुणीही सांगितलं असतं. मार्नीने शिंपल्यांनी बादली भरली, मग त्यातले तुटके वेचून परत टाकून दिले. जोडीने असलेले शिंपले ती वेगळे ठेवत होती. हे हेझलनेच शिकवलं होतं.

हेझल ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसली, म्हणजे दोघींची तोंडं एका उंचीवर आली. पँटमधून पाणी आत शिरलं. तिने आठवडाभर हे बोलायचं ठरवलं होतं आणि आता ती शब्द असे जुळवत होती, जणू समोर तपासनीस बसलीय.

"मार्नी, तो ऑक्टोपस आठवतो? नारिंगी?"

मार्नीने मान डोलावली.

"तो मीच विणला होता. तू गुंडा धरला होतास. मोजे तूच भरलेस, हिरवासुद्धा. तू सांगत होतीस ते सगळं खरं होतं. मी त्या बाईंसमोर खोटं बोलले. माझी चूक होती. तुझी नव्हती."

मार्नीने हातातला शिंपला उघडून मिटला, उघडून मिटला. विचार करताना तिच्या कपाळावर दोन आठ्या पडायच्या, तशा पडल्या. मग तिने हेझलच्या खांद्यावर हात ठेवला. आयला रडायची तेव्हा हेझल ठेवायची तसा.

"नाही," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तू तो चर्चमधून आणलास. माझा गोंधळ झाला होता."

"नव्हता झाला. ऐक, मी..."

"झाला होता," मार्नी म्हणाली आणि बादली उचलून पाण्याकडे चालू लागली.